शैक्षणिक साहित्य नेटवर शेअर करताना: आधी मालकी, मग परवाना

स्वतः तयार केलेल्या नोट्स, वर्कशीट किंवा व्हिडिओ सर्वांसाठी खुले करायचे असं ठरलं की अपलोडच्या पानावर एक चौकट समोर येते: परवाना निवडा. खाली पाच-सहा पर्याय असतात आणि प्रत्येकापुढे दोन-दोन अक्षरांचे संक्षेप. बहुतेक जण त्यातला बरा वाटणारा एक निवडतात आणि पुढे जातात. खरं तर हा प्रश्न क्रमानं शेवटी यायला हवा. त्याआधी विचारायचं ते असं: या फाइलमधलं नेमकं काय माझं आहे, आणि ते इतरांना वापरू देण्याचा अधिकार माझ्याकडे आहे का? जे आपलं नाही त्याचा परवाना आपण देऊ शकत नाही. दिला तरी तो पोकळ ठरतो, आणि त्यावर विश्वास ठेवून साहित्य वापरणारे शिक्षक विनाकारण अडचणीत येतात. म्हणून सुरुवात मालकीपासून करू.

आधी थोडं मूलभूत

कॉपीराइट मिळवण्यासाठी अर्ज करावा लागत नाही. 1886 सालच्या बर्न कराराच्या 1908 मधल्या सुधारणेपासून हे तत्त्व चालत आलं आहे आणि आज 180 हून अधिक देश या कराराचे सदस्य आहेत. तुम्ही मजकूर लिहिला, आकृती काढली, आवाज ध्वनिमुद्रित केला की त्यावर हक्क तयार झाला. गोलातला इंग्रजी सी असो वा नसो, नोंदणी केलेली असो वा नसो. याचा अर्थ दुसऱ्या बाजूनंही लक्षात घ्यायला हवा: नेटवर सापडलेल्या चित्राखाली काहीच लिहिलेलं नसेल, तर ते मोकळं आहे असं नव्हे. काहीच लिहिलेलं नाही म्हणजे सर्व हक्क राखीव.

हक्काची मुदत बर्न करारानुसार साधारणपणे लेखकाचं आयुष्य आणि त्यानंतर किमान 50 वर्षं अशी आहे. अनेक देशांनी ती वाढवून 70 केली आहे. मुदत संपलेलं साहित्य सार्वजनिक मालकीचं होतं आणि कुणीही कसंही वापरू शकतं. मात्र जुन्या ग्रंथाची नवी आवृत्ती हाती असेल, तर तिच्यातली प्रस्तावना, टिपा आणि अनुवाद यांचे हक्क वेगळे असतात आणि ते अजून चालू असू शकतात.

कॉपीराइट मांडणीला मिळतो, माहितीला किंवा कल्पनेला नाही. पायथागोरसचा सिद्धांत, पाण्याचा उत्कलनबिंदू, एखाद्या लढाईचं साल ही कुणाची मालमत्ता नाही. पण तो सिद्धांत एखाद्या पुस्तकानं ज्या शब्दांत समजावला, जी उदाहरणं रचली, जी आकृती काढली, ते सगळं त्या लेखकाचं आहे. पाठ्यपुस्तक वाचून तोच विषय आपल्या शब्दांत, आपल्या उदाहरणांनी लिहिणं यात काहीच गैर नाही. दोन शब्द इकडेतिकडे करून परिच्छेद उचलणं हे वेगळं.

पहिली पायरी: मालक कोण, ते कागदावर आणा

आपण बनवलं म्हणजे आपलं, हे नेहमी खरं नसतं. सर्वात मोठा घोळ इथेच होतो, म्हणून इथे वेळ द्यायला हवा.

तुम्ही नोकरीत असाल आणि ते साहित्य नोकरीचा भाग म्हणून तयार केलं असेल, तर अनेक देशांच्या कायद्यात पहिला मालक संस्था असते. काही विद्यापीठं आपल्या धोरणात प्राध्यापकांना व्याख्यानांचे आणि टिपणांचे हक्क स्वतःकडे ठेवू देतात, काही देत नाहीत. ऑनलाइन अभ्यासक्रमासाठी संस्थेनं स्टुडिओ, कॅमेरा, संपादक दिले असतील तर बहुधा वेगळा करार झालेला असतो. तेव्हा नेमणुकीचं पत्र काढा, संस्थेचं बौद्धिक संपदा धोरण वाचा आणि तरीही स्पष्ट होत नसेल तर ईमेल करून लेखी विचारा. तोंडी होकार पुरेसा नाही. आज होकार देणारे प्रमुख दोन वर्षांनी तिथे नसतील.

काम अनेकांनी मिळून केलं असेल तर प्रत्येकाचा हक्क त्यात आहे. एकानं मजकूर लिहिला, दुसरीनं प्रश्नसंच केला, तिसऱ्यानं मांडणी केली आणि अपलोड चौथ्यानं केलं, असं गटात सर्रास होतं. अपलोड करणारा मालक होत नाही. काम सुरू होण्याआधीच सगळ्यांनी एका ओळीवर सहमती द्यावी असा माझा आग्रह आहे: ‘मी या संचासाठी जे तयार करेन ते अमुक परवान्याखाली प्रसिद्ध करायला माझी संमती आहे, आणि ते माझं स्वतःचं काम आहे.’ ही ओळ गटाच्या ईमेलवर असली तरी चालते. काम संपल्यावर, माणसं पांगल्यावर, ही संमती गोळा करणं फार जड जातं.

चित्रकाराला किंवा ध्वनिमुद्रण करणाऱ्याला मोबदला दिला म्हणजे हक्क आपल्याकडे आले, असंही गृहीत धरू नका. कित्येक ठिकाणी लेखी हस्तांतरणाशिवाय हक्क कलाकाराकडेच राहतात. तुम्हाला मिळते ती ठरलेल्या कामापुरती वापराची मुभा. साहित्य मुक्त परवान्याखाली जाणार आहे, म्हणजे कुणीही ते बदलू शकेल आणि कदाचित विकूही शकेल, हे त्यांना आधी सांगायला हवं. हे सांगणं कायद्यासाठी गरजेचं आहेच, पण त्याहून जास्त त्या माणसाच्या मानासाठी.

आणि विद्यार्थी. त्यांनी लिहिलेला निबंध, काढलेलं चित्र, केलेला प्रकल्प त्यांचा असतो, शिक्षकांचा किंवा शाळेचा नाही. नमुना उत्तर म्हणून तो नेटवर टाकायचा तर त्यांची, आणि वय लहान असेल तर पालकांची, लेखी परवानगी घ्या. मुलांचा चेहरा दिसणारा फोटो किंवा आवाज असेल तर प्रश्न कॉपीराइटपुरता उरत नाही. क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेचे तयार मुक्त परवाने (त्यांच्याबद्दल पुढे येईलच) तर स्पष्टच सांगतात की खासगीपणाचे आणि प्रतिमेचे हक्क त्यांच्या कक्षेत येत नाहीत. शक्य असेल तिथे चेहरे टाळावेत.

एआयकडून तयार करून घेतलेल्या चित्रांची आणि मजकुराची स्थिती देशोदेशी वेगळी आहे. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयानं मार्च 2023 च्या मार्गदर्शनात मानवी निर्मिती ही अट कायम ठेवली. तुमच्या संचात असं काही असेल तर तसं नमूद करा आणि त्यावर स्वतःच्या हक्काचा दावा करू नका.

दुसरी पायरी: फाइल उघडा आणि परकं काय आहे ते शोधा

आता स्लाइड एक-एक करून पाहा. प्रत्येक फोटो, आकृती, नकाशा, कविता, स्क्रीनशॉट, पार्श्वसंगीत आणि फॉन्टसुद्धा. एका साध्या तक्त्यात पाच रकाने करा: कुठे आहे, काय आहे, कुणाचं आहे, मूळ दुवा, परवाना. परवान्याचा रकाना रिकामा राहिला ती वस्तू संशयित. कंटाळवाणं काम आहे, पण पुढचं सगळं या तक्त्यावर उभं राहतं. पुढच्या वेळी चित्र घेतानाच नोंद केली तर हा ताण राहत नाही.

संशयित वस्तूंचं काय करायचं? चार वाटा आहेत. काढून टाका. स्वतः नवी करा. खुल्या परवान्याची पर्यायी वस्तू शोधा. किंवा मालकाकडे परवानगी मागा. शाळेच्या धड्यांना लागणाऱ्या साध्या आकृत्या, म्हणजे पेशी, विद्युतमंडल, जलचक्र, स्वतः काढणं परवानगी मागण्यापेक्षा सोपं असतं. बाकीच्यांसाठी विकिमीडिया कॉमन्स, म्हणजे विकिपीडियाच्या परिवारातला चित्रांचा खुला साठा, ही पहिली जागा, कारण तिथे विनाव्यावसायिक किंवा बदल नको अशा अटींची चित्रं स्वीकारलीच जात नाहीत. अवकाशविषयक चित्रांसाठी नासाचा संग्रह आहे. त्यातली बहुतेक छायाचित्रं कॉपीराइटमुक्त आहेत, पण नासाचं बोधचिन्ह वापरायला मोकळीक नाही. नकाशासाठी ओपनस्ट्रीटमॅप वापरता येतो. त्याच्या माहितीवर ओपन डेटाबेस परवाना आहे, म्हणून ‘ओपनस्ट्रीटमॅपचे योगदानकर्ते’ असं श्रेय नकाशाजवळ द्यावं लागतं. देवनागरी फॉन्टसाठी नोटो सॅन्स देवनागरीसारखे ओपन फॉन्ट परवान्याखालचे फॉन्ट घेतले की पीडीएफमध्ये ते बसवण्याची चिंता राहत नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘शिक्षणासाठी वापरतो, मग चालतं’ असं अनेकांना वाटतं. बऱ्याच देशांच्या कायद्यात शिकवण्यासाठी सवलती आहेत, आणि त्या महत्त्वाच्या आहेत. पण त्यातल्या कितीतरी सवलती वर्गापुरत्या, परीक्षेपुरत्या किंवा छोट्या उताऱ्यापुरत्या असतात. वर्गात दाखवलेलं चित्र सगळ्या जगाला डाउनलोड करता येईल अशा फाइलमध्ये टाकलं की परिस्थिती बदलते. शिवाय ती सवलत तुमच्या देशातली असते. तुमची फाइल मात्र दुसऱ्या देशातल्या शिक्षिकेच्या हातात जाते, आणि तिथला कायदा निराळा असतो. म्हणून ज्याला खुला परवाना लावायचा आहे त्यात सवलतीच्या भरवशावर घेतलेलं काही न ठेवणं उत्तम. ठेवलंच, तर त्या वस्तूखाली ‘हा भाग या परवान्यात समाविष्ट नाही’ असं ठळक लिहा.

तिसरी पायरी: परवाना निवडा

मुक्त शैक्षणिक साहित्य ही संज्ञा युनेस्कोच्या 2002 मधल्या बैठकीतून रूढ झाली आणि 2019 साली युनेस्कोनं त्यावर शिफारसपत्रच स्वीकारलं. या चळवळीत मुक्त म्हणजे नुसतं फुकट नव्हे. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ डेव्हिड वायली यांनी मांडलेले पाच अधिकार इथे मापदंड मानले जातात: प्रत स्वतःकडे ठेवणं, पुन्हा वापरणं, बदलणं, दुसऱ्या साहित्यात मिसळणं आणि पुढे वाटणं. फुकट पाहता येतं पण उतरवून घेता येत नाही, असं संकेतस्थळ या अर्थानं मुक्त नाही.

सर्वात रुळलेले परवाने क्रिएटिव्ह कॉमन्सचे. संस्था 2001 मध्ये स्थापन झाली, पहिले परवाने डिसेंबर 2002 मध्ये आले आणि सध्याची 4.0 आवृत्ती नोव्हेंबर 2013 पासून आहे. सहा परवाने चार अटींच्या जोडण्यांतून बनतात. ‘बाय’ म्हणजे श्रेय द्या. ‘एसए’ म्हणजे बदल करून प्रसिद्ध केलंत तर त्याच अटींवर करा. ‘एनसी’ म्हणजे मुख्यतः व्यापारी लाभासाठी वापरू नका. ‘एनडी’ म्हणजे बदललेली आवृत्ती वाटू नका. श्रेयाची अट सहाही परवान्यांत आहे. याशिवाय सीसी झीरो (सीसी म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स) हे सर्व हक्क सोडून देणारं साधन आहे.

एनडीबद्दल मी स्पष्ट बोलतो. शैक्षणिक साहित्यावर ती अट लावू नये. अनुवाद हाही बदलच आहे. एनडी लावलेला सुंदर धडा कुणी मराठीत आणला, तर तो स्वतःच्या वहीत ठेवू शकतो, पण विद्यार्थ्यांसाठी प्रसिद्ध करू शकत नाही. इयत्तेनुसार सोपं करणं, चुकीचं उत्तर दुरुस्त करून पुढे देणं, स्थानिक उदाहरण घालणं, सगळं अडतं. आपल्या भाषेत साहित्य आधीच थोडं, आणि त्यातलं बरंचसं अनुवादातून यायचं. ‘माझं लेखन कुणी बिघडवेल’ ही भीती समजण्यासारखी आहे. त्यावर परवान्यातच उपाय आहे: बदल करणाऱ्यानं बदल केल्याचं सांगणं बंधनकारक आहे, आणि तुम्ही सांगितलंत तर त्याला त्या आवृत्तीवरून तुमचं नाव, जमेल तितकं, काढावं लागतं.

एनसीचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. आपल्या कष्टांवर दुसऱ्यानं पैसे करू नयेत ही भावना रास्त आहे, आणि अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या ओपनकोर्सवेअरसारख्या, अभ्यासक्रम नेटवर खुले करणाऱ्या, नावाजलेल्या प्रकल्पानंही बाय-एनसी-एसए निवडला आहे. पण व्यापारी लाभ म्हणजे काय, यावर सतत वाद होतात. फी घेणारी ना-नफा शाळा? जाहिराती असलेला शिक्षकाचा ब्लॉग? अमेरिकेत युरेका मॅथ हा गणिताचा अभ्यासक्रम याच परवान्याखाली होता. शाळांनी तो पैसे देऊन फेडएक्सच्या दुकानातून छापून घेतला, तेव्हा प्रकाशक ग्रेट माइंड्सनं दुकानावर दावा लावला. 2018 मध्ये अपील न्यायालयानं निकाल दिला की शाळेचा वापर विनाव्यावसायिक आहे आणि शाळेनं कामासाठी दुकान नेमलं म्हणून परवाना मोडत नाही. निकाल योग्यच लागला, पण तो लागेपर्यंत किती शाळा छापायला कचरल्या असतील! एनसी साहित्य विकिपीडियावर आणि विकिमीडिया कॉमन्सवर जाऊ शकत नाही, हाही तोटा आहे. पुस्तक विकून चरितार्थ चालवायचा असेल तर एनसी जरूर घ्या. नुसत्या शंकेपोटी घेऊ नका.

एसए हा मधला मार्ग आहे. कुणी विकलं तरी चालेल, पण त्यानं केलेली सुधारित आवृत्तीही खुली राहिली पाहिजे. विकिपीडियाचा मजकूर याच तत्त्वावर, बाय-एसएखाली, आहे. नवख्यांना माझा सल्ला: पोहोच सर्वात महत्त्वाची वाटत असेल तर बाय, सुधारित आवृत्त्या खुल्याच राहाव्यात असं वाटत असेल तर बाय-एसए. एक अपवाद संगणक प्रोग्रामचा. त्यासाठी हे परवाने वापरू नयेत असं क्रिएटिव्ह कॉमन्सच सांगते. कोडला एमआयटी किंवा जीपीएलसारखा सॉफ्टवेअर परवाना लावा आणि सोबतच्या मजकुराला सीसी.

मिसळताना काय जुळतं

दुसऱ्याचं साहित्य तुमच्या संचात असेल तर परवान्याची निवड पूर्णपणे तुमची राहत नाही. इथे नुसतं एकत्र ठेवणं आणि मिसळून नवं करणं यांत फरक करा. बाय-एसएचा फोटो तुमच्या पुस्तिकेत जसाच्या तसा, स्वतःच्या श्रेयासह ठेवलात तर पुस्तिकेच्या मजकुराला वेगळा परवाना चालतो. पण विकिपीडियाचे दोन परिच्छेद घेऊन, त्यात तुमचे चार घालून, एकजीव लेख केलात तर तो लेख बाय-एसएच राहणार.

खरी कोंडी होते ती बाय-एसए आणि बाय-एनसी-एसए यांची. दोन्ही म्हणतात ‘माझ्याच अटींवर’, आणि अटी वेगळ्या. या दोन धड्यांतून एकसंध नवा धडा प्रसिद्ध करता येत नाही. एनडी तर कशातच मिसळत नाही. बाय आणि सीसी झीरो मात्र सगळ्यांत सहज सामावतात.

श्रेय कसं लिहायचं

चार गोष्टी आठवा: शीर्षक, कर्ता, मूळ दुवा, परवाना. 4.0 आवृत्तीत शीर्षक सक्तीचं नाही, तरी द्यावं. परवान्याचं पूर्ण नाव आवृत्तीसह लिहून त्याच्या पानाची लिंक जोडा. बदल केला असेल तर पाचवी गोष्ट म्हणून तेही. ‘फोटो: गूगल’ हे श्रेय नव्हे. गूगल फक्त शोधून देतं, हक्क मूळ संकेतस्थळावरच्या कर्त्याचे असतात. ‘सौजन्य: इंटरनेट’ याचंही तेच.

नमुना असा:

‘पानाची अंतर्गत रचना’, कर्ता: (मूळ पानावर दिलेलं नाव), मूळ: (दुवा), परवाना: क्रिएटिव्ह कॉमन्स बाय-एसए 4.0. बदल: भागांची नावं मराठीत केली, रंग बदलले.

हे चित्राखाली लिहा किंवा शेवटच्या स्लाइडवर क्रमवार यादी करा. व्हिडिओत वर्णनाच्या जागेत आणि शेवटच्या चौकटीतही. स्लाइड सुट्या होऊन व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात, म्हणून शक्य तिथे चित्राखालीच. अनुवाद करताना मूळ लेखकानं तुमचा अनुवाद मान्य केला आहे असा भास होऊ देऊ नका. ‘अनुवाद: अमुक. मूळ लेखकानं हा अनुवाद तपासलेला नाही’ एवढं वाक्य प्रामाणिकही आहे आणि सुरक्षितही.

परवाना फाइलवर उमटवा

संकेतस्थळाच्या चौकटीत परवाना निवडला तरी तो फाइलसोबत प्रवास करत नाही. म्हणून पहिल्या किंवा शेवटच्या पानावर लिहा: ‘© 2025, (तुमचं किंवा संस्थेचं नाव). वेगळं नमूद केलेले भाग वगळता हे साहित्य क्रिएटिव्ह कॉमन्स बाय 4.0 परवान्याखाली आहे.’ त्याला परवान्याच्या पानाची लिंक द्या. ‘वेगळं नमूद केलेले भाग वगळता’ हे शब्द गाळू नका. दुसऱ्या पायरीतला तक्ता इथे कामी येतो. परवाना दिला म्हणजे मालकी गेली, असं नाही. मालक तुम्हीच राहता आणि हव्या त्या प्रकाशकाशी वेगळा करारही करू शकता, फक्त एकाधिकार देऊ शकत नाही. पीडीएफसोबत संपादन करता येईल अशी मूळ फाइलही द्या. बदलण्याची मुभा दिली आणि बदलता येणारी फाइल दिली नाही, तर ती मुभा कागदावरच राहते.

परवाना मागे घेता येत नाही, हे टाकण्याआधी समजून घ्या. उद्या तुम्ही फाइल काढून टाकू शकता, पुढची आवृत्ती वेगळ्या अटींवर देऊ शकता, पण ज्यांच्याकडे जुनी प्रत आहे त्यांचे अधिकार तसेच राहतात. मनात किंतु असेल तर आठवडाभर थांबलेलं चांगलं.

कुणी श्रेय न देता तुमचं साहित्य वापरलेलं दिसलं, तर पहिलं पत्र मैत्रीचं असू द्या. बहुतेकांना नियम माहीत नसतो, वाईट हेतू नसतो. पत्रात तीन गोष्टी लिहा: कोणती वस्तू, मूळ कुठे आहे, आणि श्रेयाची तयार ओळ, जी त्यांना नुसती चिकटवायची असेल. 4.0 परवान्यात अट मोडली की वापराचा अधिकार आपोआप संपतो, पण चूक समजल्यापासून 30 दिवसांच्या आत दुरुस्त केली तर तो आपोआप परतही मिळतो. ही तरतूद पत्रात सांगा. दाद मिळाली नाही तर त्या संकेतस्थळाच्या तक्रार-व्यवस्थेकडे जा, आणि तिथे तुमची मालकी दाखवायला मूळ फाइल, तारखा आणि सहकाऱ्यांच्या संमतीचे ईमेल हाताशी ठेवा.